व्हिस्कस की इलेक्ट्रिक? ऑफ-रोड गाडीच्या पंख्यामागचा इतिहास

चढावर गाडी तापायला लागली की गॅरेजमध्ये हमखास सल्ला मिळतो, रेडिएटरचा मूळचा व्हिस्कस पंखा (इंजिनाच्या बेल्टवर, दाट तेलाच्या जोडातून फिरणारा) काढा आणि इलेक्ट्रिक बसवा. व्हिस्कस म्हणजे जुना आणि इलेक्ट्रिक म्हणजे नवा, असा समज त्यामागे असतो. तो चुकीचा आहे. दोन्ही पंखे मोटारींत थोड्याफार फरकाने एकाच काळात रुळले, पण दोन वेगळ्या अडचणींवरचे उपाय म्हणून. त्या अडचणी कोणत्या होत्या हे कळले, तर आपल्या गाडीला काय हवे ते ठरवणे बरेच सोपे जाते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये यांपैकी काहीच नव्हते. २.२ लिटरच्या, ६० अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनावर पाण्याच्या पंपालाच पंखा घट्ट बोल्ट केलेला असे. बेल्ट फिरला की पंप, डायनामो आणि पंखा तिन्ही फिरायचे. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतली, तीही याच रचनेची. १९४८ची पहिली लँड रोव्हरही तशीच. या साध्या पंख्याची एक बाजू फार भक्कम होती. जीपच्या ट्रान्सफर केसचे (चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या दुसऱ्या गिअरपेटीचे) लो गुणोत्तर १.९७ होते, म्हणजे लो टाकली की गाडीच्या त्याच वेगाला इंजिन जवळजवळ दुप्पट फिरते आणि पंखाही दुप्पट. समोरून वारा नाही, भार पूर्ण आहे, नेमक्या अशा वेळी हवा सर्वांत जास्त मिळायची.

त्याची किंमत मोजावी लागे ती सरळ रस्त्यावर. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १००० फेऱ्यांना जितकी शक्ती लागते, त्याच्या ८ पट २००० ला आणि २७ पट ३००० ला. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे समोरचा वाराच रेडिएटरला बहुधा पुरतो, पण घट्ट बसवलेला पंखा तिथेच सर्वाधिक इंधन खातो आणि सर्वाधिक आवाज करतो.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी मोटारींत मोठी इंजिने आणि एसी आले आणि हा प्रश्न टोकाला गेला. रेडिएटरपुढे एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, आल्याने पंखा मोठा हवा, पण तो सतत नको. यावर उत्तर मिळाले सिलिकॉन तेलात. तापमान बदलले तरी या तेलाचा दाटपणा खनिज तेलाइतका बदलत नाही. डाऊ कॉर्निंग ही सिलिकॉनची कंपनी १९४३ मध्ये निघाली होती, त्यामुळे माल तयार होता. पंप आणि पंखा यांच्यामध्ये या तेलाचे कपलिंग आले, त्यालाच आपण व्हिस्कस म्हणतो.

कपलिंगमध्ये दोन कप्पे असतात. पुढच्यात तेल साठते, मागच्यात एकमेकांत अडकणाऱ्या पण न टेकणाऱ्या खाचा असतात. तोंडावर दोन धातू जोडून केलेली गुंडाळी किंवा पट्टी असते. रेडिएटरमधून आलेली हवा साधारण ६० ते ७५ अंशांवर गेली की ही गुंडाळी वळते, आतली झडप उघडते, तेल खाचांत शिरते आणि पंखा ओढला जातो. तेल खाचांबाहेर असताना पंखा शाफ्टच्या २० ते ३० टक्के वेगाने नुसता घरंगळतो, पकड आली की ८० ते ९० टक्क्यांवर जातो. पूर्ण शंभर कधीच होत नाही, थोडी घसरण त्याच्या स्वभावातच आहे. आणि हे कपलिंग कुलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) नाही, हवेचे तापमान मोजते. मीटरवर ९५ दिसतात आणि पंखा गप्प का, असे विचारणारे बहुतेक जण ही गोष्ट विसरतात.

त्यातूनच ऑफ-रोडची एक खास अडचण निघते. कोकणातला जांभ्याचा लाल चिखल रेडिएटरच्या मधल्या भागात बसून वाळला, की गुंडाळीसमोर गरम हवा येतच नाही. कडा तापतात, मध्य थंड राहतो आणि पंखा उशिरा पकडतो. कपलिंग बदलण्याआधी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट उघडून पाहावी. इंजिनाच्या बाजूकडून पुढे, साध्या नळाच्या दाबाने धुवावे. प्रेशर वॉशर जवळ धरला तर जाळीच्या पट्ट्या आडव्या होतात.

कपलिंग खरोखर गेले आहे का, हे इंजिन बंद आणि थंड असताना हाताने कळते. पंखा ढकलला तर थोडा विरोध जाणवून एक-दोन फेऱ्यांत थांबायला हवा. मोकाट फिरत राहिला तर तेल गळले आहे. मध्यावरून बाहेर पसरलेला तेलकट मातीचा थर त्याची साक्ष देतो. दगडासारखा अडकला असेल तर कपलिंग जाम आहे. पात्याचे टोक पुढेमागे डुलत असेल तर बेअरिंग गेले. सकाळी चालू केल्यावर पहिला मिनिटभर घोंगावणे मात्र दोष नाही. रात्री तेल खाचांत उतरलेले असते, ते परत साठ्यात जायला वेळ लागतो. चालू पंख्यात गुंडाळलेला पेपर घालून पाहण्याची पद्धत धोक्याची आहे आणि त्यातून नक्की काही कळतही नाही. काढताना मधला मोठा नट अनेक गाड्यांत उलट्या आट्याचा असतो, तेव्हा जोर लावण्यापूर्वी मॅन्युअल पाहावे. काढलेले कपलिंग आडवे न ठेवता गाडीत असते तसे उभे ठेवावे, नाहीतर तेल झिरपते.

इलेक्ट्रिक पंख्याचा उगम वेगळा आहे. पुढची चाके ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे बसले, शाफ्टचे तोंड चाकाकडे गेले आणि समोरच्या रेडिएटरला बेल्टने पंखा जोडणे अवघड झाले. १९६९ची फियाट १२८ या मांडणीचे ठळक उदाहरण. तिच्यात पंखा विजेवर आला. पण तेवढ्याने भागले नसते. जुन्या लँड रोव्हरमधला लुकासचा डायनामो जेमतेम २२ अँपिअरचा, आणि इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन मंद) असताना तो जवळजवळ काहीच देत नसे. आयडललाही वीज देणारा अल्टरनेटर क्रायस्लरने १९६०च्या व्हॅलियंटपासून मोठ्या प्रमाणावर रुळवला, पुढे तो सगळीकडे गेला आणि मगच विजेचा पंखा व्यवहारात परवडू लागला. ब्रिटनमध्ये केनलोवेसारख्या कंपन्यांनी सुटे किट विकायला सुरुवात केल्यावर तो लँड रोव्हरवाल्यांपर्यंत पोहोचला. इंधन वाचते ही त्याची मोठी ओळख होती आणि घट्ट पंख्याच्या तुलनेत ती खरीही होती. व्हिस्कसच्या तुलनेत मात्र ही बचत फारच थोडी, कारण हायवेवर व्हिस्कसही सुटलेलाच असतो.

आता ताकदीचा हिशेब पाहू. ३० अँपिअर आणि साडेतेरा व्होल्ट म्हणजे सुमारे ४०० वॅट, जेमतेम अर्धी अश्वशक्ती. पूर्ण पकडीतला मोठा व्हिस्कस पंखा भरधाव इंजिनाकडून याच्या कितीतरी पट शक्ती घेतो आणि तितकी हवा ओढतो. लादलेली डिझेल गाडी वाळूत किंवा लांब घाटात ३००० फेऱ्यांवर राबत असेल, तर बाजारातला एकटा इलेक्ट्रिक पंखा तिला पुरत नाही. उलट, दगडांतून ८०० फेऱ्यांवर सरपटताना एसी चालू असेल, तर व्हिस्कस मंद फिरतो आणि इलेक्ट्रिक पूर्ण जोमाने. जीप चेरोकी एक्सजेच्या ४.० लिटर इंजिनाला कारखान्यातूनच दोन्ही मिळत असत, एका बाजूला व्हिस्कस आणि शेजारी मदतीला इलेक्ट्रिक. आमच्या मते लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या सांगाड्याच्या) जुन्या डिझेल गाडीसाठी यापेक्षा शहाणी मांडणी नाही. जागा नसेल तर व्हिस्कस आणि त्याचे श्राउड (पंख्याभोवतीचे आवरण) शाबूत ठेवावे. पात्याची निम्मी ते दोन तृतीयांश जाडी श्राउडच्या आत असली पाहिजे. फुटलेले श्राउड काढून टाकले, की पंखा तीच गरम हवा गोल फिरवत बसतो.

तरीही इलेक्ट्रिक बसवायचाच असेल, तर रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा बसवा. पुढून ढकलणारा पंखा वारा अडवतो आणि चिखल आधी खातो. रेडिएटरच्या जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नये. कच्च्या रस्त्यावर त्या घासून नळी भोकसतात. त्यापेक्षा चौकटीला पत्र्याची पट्टी लावावी. ३० अँपिअरच्या पंख्याला ४० अँपिअरचा रिले (जास्त वीज सोडणारा विजेवरचा स्विच) आणि फ्यूज, ४ ते ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि तितकीच जाड अर्थ वायर थेट बॅटरीपर्यंत. अडीचची वायर टाकली तर ३ मीटरमध्ये, फक्त जाण्याच्या बाजूलाच, विजेचा दाब अर्ध्या व्होल्टहून जास्त घटतो, पंखा मंदावतो आणि वायर तापते. कुलंट रेडिएटरकडे सोडणारा थर्मोस्टॅट ८८ अंशांना उघडत असेल तर इंजिनाच्या बाजूला बसवलेला स्विच ९५च्या आसपास लागणारा हवा. त्याहून खाली लावला तर पंखा थांबतच नाही. स्विचसाठी रेडिएटरच्या वरच्या होजच्या (रबरी नळीच्या) तोंडातून बारीक नळी आत घालण्याची जुनी पद्धत टाळावी, त्या ठिकाणी कुलंट हमखास पाझरते. अॅल्युमिनियमचा जोडतुकडा होजमध्ये बसवला की काम पक्के होते. फक्त त्याला वेगळी अर्थ द्यायला विसरू नये.

ओढा ओलांडताना तिन्ही पंख्यांचे वागणे निराळे. घट्ट पंखा पाण्यात शिरला की पाती पुढे वाकून रेडिएटर कापू शकतात, म्हणून पूर्वी खोल पाण्याआधी बेल्टच काढत. त्याने पाण्याचा पंपही थांबतो, तेव्हा हे काही मिनिटांपुरतेच. व्हिस्कस सुटलेला असेल तर पाण्याने अडतो आणि कपलिंग घसरते; मात्र घाट चढून तापलेल्या गाडीने लगेच पाण्यात उतरू नये, पकड सुटेपर्यंत थांबावे. इलेक्ट्रिकला डॅशबोर्डवर बंद करण्याचा स्विच हवाच. बंद करायला विसरलात तर मोटर पाण्याशी झुंजते आणि फ्यूज उडतो, आणि पलीकडच्या चढावर पंखा नाही हे मीटर वर गेल्यावर कळते.

कारखान्यांनी पुढे दोन्हींच्या मधल्या वाटाही शोधल्या. १९९९ पासूनच्या ग्रँड चेरोकीच्या काही गाड्यांत पंखा हायड्रॉलिक तेलावर चालला. २००४च्या डिस्कव्हरी ३ मध्ये व्हिस्कसच राहिला, पण झडप कॉम्प्युटरच्या हाती गेली, त्यामुळे हवा मोजणाऱ्या गुंडाळीची गरज संपली. २००७ पासूनच्या रँग्लर जेकेने बेल्टवरचा पंखा सोडून पूर्ण इलेक्ट्रिक घेतला. पण तिथे रेडिएटर, श्राउड, अल्टरनेटर आणि वेग ठरवणारा कॉम्प्युटर हे सगळे त्या एका पंख्याभोवती मुळातच मापून बसवलेले होते. त्यातली फक्त मोटर आणि पाती उचलून जुन्या जीपवर लावली, तर बाकीचा हिशेब तसाच अपुरा राहतो. आधी आयडलवर हेडलाइट आणि एसी लावून बॅटरीवर व्होल्टमीटर धरावा. काटा १३.५च्या खाली जात असेल तर पंख्याच्या किटआधी अल्टरनेटर बदलावा लागेल.