तारली कुणाच्या ताटात?

२०२१ साली डॉ. शकुंतला थिलस्टेड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी बांगलादेशात दाखवून दिलं होतं की डोक्या-काट्यासकट खाल्लेला बोटभर मासा गरिबाच्या घरात जीवनसत्त्व अ, कॅल्शियम, लोह आणि जस्त पोचवतो. जगाच्या अन्नधोरणात आजवर धान्याचा बोलबाला होता. आता माशांकडे, त्यातही छोट्या माशांकडे, लक्ष वळलं आहे.

कोकणाची भूक या छोट्या माशांवरच भागत आली. पापलेट, सुरमई विकायला. घरात शिजायची मांदेली, तारली, जवळा. आगोटीला, म्हणजे पावसाआधी, सुकट, सुके बोंबील, खारा बांगडा भरून ठेवायचा आणि समुद्र बंद असताना भाताबरोबर तोच खायचा. प्रवाहात बांधून ठेवलेल्या डोल जाळ्यात आलेला जवळा बायका उन्हात वाळवत आणि आठवडी बाजारातून तो घाटावरही जाई. बर्फ नाही, वीज नाही, तरी मजुराच्या घरात प्रथिनं पोचत होती. या व्यवस्थेचं श्रेय वाळवणाऱ्या, विकणाऱ्या बायकांचं आहे आणि ते त्यांना फार कमी वेळा दिलं गेलं.

मालवण पट्ट्यात हेच काम रापण करी. होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. ओढायला हात लावणाऱ्याला वाटा मिळे. मासळी किनाऱ्याजवळ यायची वाट पाहावी लागे, त्यामुळे किती मारायचं याला आपोआप मर्यादा होती.

ती मर्यादा यंत्रांनी मोडली. १९५०च्या दशकात केरळात मासेमारी यंत्रावर नेणारा भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला. नंतर परदेशात कोळंबीला भाव मिळू लागला आणि तळ खरवडणारे ट्रॉलर पश्चिम किनाऱ्यावर पसरले. डॉलर आले, हे खरं. पण कोळंबीबरोबर जाळ्यात येणारी पिल्लंही मेली आणि किनाऱ्यालगतच्या मच्छीमाराचं पाणी आक्रसलं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी त्याखाली येते.

पुढे पर्ससीन आलं. तारली-बांगड्याचा थवाच्या थवा घेरून एका फेऱ्यात उचलणारं हे जाळं. रापणीला जी मासळी यायची तीच बाहेर घेरली जाऊ लागली आणि मालवण-आचऱ्याच्या समुद्रात संघर्ष पेटला. पर्ससीनचे परिणाम तपासणाऱ्या डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ला राज्याने पर्ससीनचे नवे परवाने थांबवले आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबरपुरता ठेवला. २०१७मध्ये केंद्राने मासळीला भुलवणाऱ्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही रात्री समुद्रात दिवे दिसतात ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार संपलेली नाही.

मला या इतिहासात सर्वांत जास्त सलते ती तारलीची वाट. एकदम टनांनी आलेली तारली बाजारात खपत नाही, म्हणून ती फिशमील कारखान्यात जाते. तिथे तिची भुकटी आणि तेल होतं, भुकटी संवर्धनातल्या, म्हणजे पाळून वाढवलेल्या, कोळंबी आणि माशांच्या खाद्यात पडते आणि ती कोळंबी परवडणाऱ्याच्या ताटात. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२मध्ये जगात पहिल्यांदाच जलचर प्राण्यांचं संवर्धनातलं उत्पादन पकडलेल्यापेक्षा जास्त झालं: ९ कोटी ४४ लाख टन. हा आकडा वाचताना त्यातल्या काही जातींना खायला कुणाचा मासा घातला, हे विचारायलाच हवं. खाडीतल्या कालवांना असं खाद्य लागत नाही. ती पाणी गाळूनच जगतात. वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी खारफुटीच्या आश्रयाने बचतगटांना रोजगार देण्याचे प्रयत्न झाले आहेत, आणि मला तो रस्ता अधिक पटतो.

२०२३मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा केलं आणि ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. पिल्लं वाचावीत हा हेतू आणि तो योग्यच. मात्र बंदरावर मासा पोचतो तोवर तो मेलेला असतो. तिथे लांबी मोजून दंड होईल, पण पिल्लू समुद्रात परत जाणार नाही. त्यासाठी जाळ्याचा आस, म्हणजे डोळाच, मोठा हवा. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीत यांत्रिक नौका किनाऱ्याला लागलेल्या असतात. जाळी तपासायची तर तेव्हाच, ती पुन्हा समुद्रात जाण्याआधी.