आधी बाळाचं औषध, मग आईचं

एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला कसलेच उपचार मिळाले नाहीत, तर पोटात असताना, बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. ही लागण रोखता येते हे 1994 मध्ये सिद्ध झालं. अमेरिका-फ्रान्समधल्या चाचणीत झिडोव्हुडिन या विषाणूविरोधी औषधामुळे प्रमाण 25 टक्क्यांवरून 8 वर आलं. पण ते औषध आईने दिवसातून पाच वेळा घ्यायचं, कळा सुरू झाल्या की शिरेतून द्यायचं, पुढे बाळाला सहा आठवडे पाजायचं. तालुक्याच्या दवाखान्याला हे झेपणारं नव्हतं.

1999 मध्ये युगांडातल्या कंपालाहून सोपी वाट मिळाली. कळा सुरू होताच आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी, 72 तासांच्या आत बाळाला त्याच औषधाचे थेंब. लागण जवळजवळ निम्म्याने घटली. भारतात 2000 साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या 11 संस्थांमध्ये झिडोव्हुडिनने सुरुवात झाली, लवकरच नेव्हिरॅपिन आलं. कार्यक्रमाच्या नावात 'आईकडून' न म्हणता 'पालकांकडून बाळाला' म्हटलं, कारण एकट्या आईवर ठपका नको. हा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

पण पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. नाव सासरच्या दवाखान्यात, कळा माहेरी, गोळीची पुडी पिशवीच्या तळाशी. स्वतःच्या आईलाही सांगितलेलं नसेल, तर ती गोळी कुणासमोर काढायची?

दुसरी अडचण खुद्द गोळीतच होती. नेव्हिरॅपिन रक्तात कित्येक दिवस रेंगाळतं, आणि तेवढ्यात विषाणू त्याला दाद न देणारा होऊ शकतो. 1 एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं, सुरू झाली, त्यातलं एक मुख्य औषध नेव्हिरॅपिनच. म्हणजे बाळासाठी घेतलेली गोळी उद्या आईच्याच उपचाराच्या आड येण्याचा धोका. शिवाय सीडी-4 पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांचा नाश करतो त्या रोगप्रतिकारक पेशी, ठरावीक पातळीखाली गेल्याशिवाय तिला एआरटी मिळत नसे. बाळ वाचवायचं आणि आईला आजारी पडेपर्यंत थांबवायचं, हे मला आजही सलतं.

दुधाचा प्रश्नही असाच अवघड. वरचं दूध द्यावं, तर स्वच्छ पाणी कुठून आणायचं? दोन्ही दूध मिसळून देणं, वर मध-घुटी चाटवणं सर्वांत धोक्याचं. इथे पुण्याचा वाटा आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, इथिओपिया आणि युगांडा इथल्या संशोधनात अंगावर पिणाऱ्या बाळांना सहा आठवडे रोज नेव्हिरॅपिन दिलं. 2008 मध्ये निष्कर्ष आले: त्या वयापर्यंतची लागण साधारण निम्मी झाली होती.

2011 मध्ये मलावीने ठरवलं की पेशींचा आकडा न बघता प्रत्येक गरोदर बाईला तीन औषधं, आणि तीही आयुष्यभर. भारताने 1 जानेवारी 2014 पासून हेच धोरण देशभर स्वीकारलं. नीट उपचार घेतले तर अंगावर पाजूनही लागण 5 टक्क्यांच्या खाली ठेवता येते.

आता बाळ सहा आठवड्यांचं झालं की टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदी कार्डावर वाळवतात आणि तपासणीला पाठवतात. आईची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध तिच्या शरीराने तयार केलेली प्रथिनं, बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून अठराव्या महिन्यात पुन्हा तपासणी होते. तोवर बाळ पावलं टाकायला लागलेलं असतं, आणि आईची रोजची गोळी चालूच असते.