वासुकीचे मणके आणि सरकणारे भूखंड

सापाची कवटी जीवाश्मांमध्ये क्वचितच हाती लागते. तिची हाडं नाजूक आणि सैल जोडलेली असतात. साप मेला की ती विखुरतात. मणके मात्र टिकतात, आणि एकेका सापाच्या अंगात ते शेकड्यांनी असतात. म्हणून सापांचा प्राचीन इतिहास बहुतेक मणक्यांवरूनच वाचावा लागतो.

कच्छमधल्या पानंध्रो लिग्नाइट खाणीत असे २७ मणके मिळाले. आयआयटी रुरकीच्या देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी २०२४ मध्ये त्यांना ‘वासुकी इंडिकस’ असं नाव दिलं. वय सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षं. सगळ्यांत रुंद मणका ११ सेंटिमीटरहून मोठा, त्यावरून सापाची लांबी अंदाजे ११ ते १५ मीटर निघते. बातम्या लांबीच्याच झाल्या. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्याचं कुळ.

ते कुळ मॅडत्सोइडी. मणक्याच्या मागच्या बाजूला, त्याच्या मागचा मणका अडकवणाऱ्या खोबणीच्या दोन्ही अंगांना, एकेक खळगा आणि त्यात बारीक छिद्र असतं. एवढ्याशा खुणेवरून हे साप ओळखता येतात. डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातल्या खडकांत ही खूण मादागास्करमध्ये दिसते, अर्जेंटिनात दिसते आणि आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्यातही दिसते. सापांनी महासागर पोहून पार केले असं मानायची गरज नाही. हे भूखंड पूर्वी गोंडवन या दक्षिणेकडच्या महाखंडात एकत्र होते. जमीन फुटून सरकली आणि साप तिच्यासोबत गेले.

पण वासुकीचं कोडं एवढ्यावर सुटत नाही. त्याचा एक जवळचा नातलग म्हणजे इजिप्तचा जायगँटोफिस, वासुकीहून सुमारे सत्तर लाख ते एक कोटी वर्षं नंतरचा. तोवर भारत आफ्रिकेपासून तुटून कितीतरी कोटी वर्षं लोटली होती. दत्ता आणि बाजपेयी म्हणतात की हे मोठे साप भारतात घडले, भारत आशियाला भिडल्यावर बाहेर पडले आणि युरेशियाच्या दक्षिण कडेने उत्तर आफ्रिकेत पोचले.

आफ्रिकेत या कुळाचे साप त्याआधीही होते, स्पेन आणि रोमानियातही होते. त्यामुळे उलट दिशेचा प्रवास सहज बाद करता येत नाही. तरी मला भारताचं पारडं जड वाटतं. जायगँटोफिसशी जुळणारे मणके पाकिस्तानातल्या सिंधमध्येही मिळाले आहेत. ते इजिप्तमधल्या मणक्यांहून बरेच जुने, आणि सिंधची ती जमीन भारतीय भूखंडाचीच.