दबला म्हणूनच वाचवलं

गेल्या रविवारी नागपूरच्या रेशीमबाग मैदानावर भाच्याचा सामना बघायला गेलो होतो. लेदर बॉलचा सामना. चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराच्या हेल्मेटवर, कानाच्या जरा वर, बाउन्सर आदळला. पोरगं उभंच राहिलं, पण हेल्मेटच्या आतला फोम चांगला नखभर दबला होता. वडील चिडले. "एका बॉलमध्येच दबून गेलं ना जी! हेल्मेट कसं, दगडासारखं कडक पाहिजे."

हा समज मला ठिकठिकाणी भेटतो आणि तो धोक्याचा आहे. फोम दबला म्हणूनच पोराचं डोकं वाचलं.

क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. आपल्या खापरखेड्याकडच्या उमेश यादवसारख्या गोलंदाजानं तो ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकला, तर त्यात सुमारे १२० जूल ऊर्जा असते. पाच किलो गव्हाची थैली अडीच मीटरवरून खाली सोडली तर जवळपास तेवढीच ऊर्जा जमिनीला मिळते. ही ऊर्जा कुठंतरी जिरावीच लागते. प्रश्न एवढाच, की किती अंतरात? डोकं स्थिर आहे असं धरू. चेंडू ५ मिलिमीटरमध्ये थांबला तर सरासरी बल २४,००० न्यूटन, १५ मिलिमीटरमध्ये थांबला तर ८,०००. प्रत्यक्षात मान मागे जाते, चेंडू उसळतो, त्यामुळे आकडे कमी येतात. पण अंतर तिप्पट झालं की बल तिसऱ्या हिश्श्यावर, हे गणित बदलत नाही. झेल घेताना आपण हात मागे खेचतो तो याचसाठी.

मग आत स्प्रिंग का नाही बसवत? इथं फोमची खरी करामत आहे. स्प्रिंग दाबताना तिचा विरोध शून्यापासून वाढत जातो, म्हणजे सुरुवातीचं अंतर जवळजवळ वाया जातं आणि सगळा जोर शेवटी येतो. शिवाय घेतलेली ऊर्जा ती परत फेकते. फोम म्हणजे हवेनं भरलेल्या बारीक कोठड्या. आधी त्यांच्या भिंती थोड्या वाकतात. एका ठरावीक दाबाला त्या मोडू लागतात, एक थर, मग दुसरा, मग तिसरा. हे चालू असताना विरोध जवळजवळ तेवढाच राहतो. दबलेलं अंतर आडवं आणि विरोध उभा धरून आलेख काढला, तर रेघ आधी चढते आणि मग सपाट पठारावरून चालत राहते. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे जिरलेली ऊर्जा. स्प्रिंगचा होतो त्रिकोण, फोमचा जवळपास आयत. कमाल बल सारखंच ठेवायचं असेल, तर फोम तेवढ्याच जाडीत स्प्रिंगच्या जवळपास दुप्पट ऊर्जा जिरवतो! सगळ्या कोठड्या चपट्या झाल्या की पठार संपतं आणि रेघ एकदम उभी चढते. म्हणून फोम फार मऊ असला तर चेंडू थांबण्याआधीच तो संपतो, फार कडक असला तर दबतच नाही. बाहेरच्या कवचाचं काम वेगळं : आघात मोठ्या भागावर पसरवणं.

आपल्या संत्र्याच्या घराण्यातलं पपनस हीच युक्ती वापरतं. सालीखालचा तो जाड पांढरा गर म्हणजे फोमच. किलो-दीड किलोचं फळ उंच झाडावरून पडूनही सहसा फुटत नाही, म्हणून पदार्थशास्त्रज्ञांनी त्याच्या सालीचा मुद्दाम अभ्यास केला आहे.

पॅड, ग्लोव्ह्ज, थायपॅड यांच्या आतही हेच तत्त्व आहे. मात्र जिथं फोम नाही तिथं तो वाचवू शकत नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या हेल्मेटची जाळी आणि कपाळावरचा पुढचा काठ यांच्या फटीतून चेंडू आत घुसला आणि नाक मोडलं. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो कानामागे, हेल्मेटच्या खाली मानेवर. दोन दिवसांनी तो गेला. मानेचे गार्ड त्यानंतरच रुळले.

किटबॅगला लिंबू-मिरची बांधणारे आणि मनगटावर 'ऊर्जा देणारा' चुंबकीय पट्टा घालणारे खेळाडू मी पाहिले आहेत. त्यातल्या एकाही वस्तूनं चेंडूचा एक जूलसुद्धा कमी होत नाही. तेच पैसे मानेच्या गार्डला लावावेत, असं मला मनापासून वाटतं.

मेंदूचं दुखणं आणखी वेगळं. डोक्याला झटक्यात गिरकी बसली की आतला मऊ मेंदू पिळवटतो, आणि ही गिरकी हेल्मेट फारशी रोखत नाही. बेशुद्ध न पडताही मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून तर ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये अशा खेळाडूऐवजी दुसरा उतरवता येतो.

मी त्या वडिलांना म्हटलं, "भाऊ, आज पोराला पुन्हा बॅटिंगला पाठवू नका, डॉक्टरला दाखवा. आणि हे हेल्मेट आता बाद करा. दबलेल्या कोठड्या पुन्हा उभ्या राहत नाहीत." ते गप्प झाले. मग हेल्मेट पोराच्या डोक्यावर ठेवून हलवून पाहिलं. दोन बोटं सहज आत जात होती. वाढत्या अंगाचं म्हणून एक साइझ मोठं घेतलं होतं.