नकाशे सुधारले, आता पर्यावरण मंजुरीचे काय?

काम अर्ध्यावर असताना टीडीआर (दुसऱ्या जागेचा, इथे वापरता येणारा बांधकाम हक्क) हाती येतो, शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटमध्ये सामील होते किंवा पार्किंगसाठी आणखी एक पोडियम (इमारतीच्या पायथ्याचा रुंद मजला) घ्यावा लागतो. मुंबईत नकाशे असेच बदलतात. मग विकासक आणि सोसायटीची कमिटी दोघेही विचारतात, "मंजुरी आधीच घेतली आहे, चार मजल्यांसाठी पुन्हा अर्ज कशाला?"

पर्यावरण मंजुरी भूखंडाला नसते, अर्जात दाखवलेल्या बांधकामाला असते. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत क्षेत्रवाढ हा विस्तार धरला जातो आणि वाढीव भागाचे काम सुरू होण्याआधी सुधारित मंजुरी घ्यावी लागते. महापालिकेकडून सुधारित आयओडी (नकाशांना अटींसह दिलेली मंजुरी) मिळाली तरी ही अट पुरी होत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ खाणारा आकडा

"आमचे १७,५०० चौरस मीटरच आहे, २०,००० च्या आत आहोत, मंजुरी लागतच नाही." असे सांगणाऱ्यांची फाइल उघडली की तो आकडा बहुतेक वेळा एफएसआयचा, म्हणजे बांधकाम नियमांत मोजल्या जाणाऱ्या चटई क्षेत्राचा निघतो. पर्यावरण मंजुरीसाठी एफएसआय मोजत नाहीत. तिथे तळघरासह सर्व मजल्यांवरचे आच्छादित क्षेत्र आणि सेवांची जागा, सगळे एकत्र धरतात. जिने, लिफ्ट, लॉबी, पोडियम पार्किंग, रिफ्यूज मजला (आगीच्या वेळी आसऱ्याचा), सर्व्हिस फ्लोअर, पंपरूम, सोसायटी ऑफिस असे जे जे एफएसआयमधून सुटते, ते सारे इथे मोजले जाते. फंजिबल (मूळ एफएसआयवर मिळणारे जादा क्षेत्र) धरून एफएसआय १७,५०० आणि एफएसआयबाहेरचे ८,९०० असेल, तर प्रकल्प २६,४०० चौरस मीटरचा झाला. २०,००० पासून १,५०,००० च्या आतले प्रकल्प अधिसूचनेच्या ८(अ) गटात येतात, त्यापुढचे ८(ब) मध्ये.

ही चूक प्लिंथ (जोते) झाल्यावर उघड झाली तर प्रकरण नियमभंगात जाते. मग काम थांबते आणि सीसी (महापालिकेचा बांधकाम सुरू करण्याचा दाखला) पुढे सरकत नाही.

म्हणूनच आर्किटेक्टच्या सहीचे, एफएसआय आणि एफएसआयबाहेरचे असे दोन रकाने असलेले एरिया स्टेटमेंट हाती येईपर्यंत आम्ही पर्यावरण सल्लागार आकडेमोड सुरू करत नाही. काही ग्राहकांना हा हट्ट वाटतो. पण याच तक्त्यावर पुढचे प्रत्येक गणित उभे असते आणि मंजुरीचे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीसमोर नकाशात एक, अर्जात दुसरा आणि सादरीकरणात तिसरा आकडा गेला की प्रकरण पुढच्या बैठकीवर ढकलले जाते.

समजा ४० सदनिका वाढल्या. प्रत्येकी ५ माणसे धरली तर २०० जण. माणशी रोज १३५ लिटरप्रमाणे २७ हजार लिटर पाणी वाढले, त्यातले १८ हजार पिण्या-वापराचे आणि ९ हजार फ्लशिंगचे. वापराच्या पाण्याचे ९० टक्के आणि फ्लशिंगचे सर्व सांडपाण्यात जाते, म्हणजे सुमारे २५ हजार लिटर. आधीचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) रोज १२० घनमीटरचा आणि त्यावरचा भार ११० चा असेल, तर तो आता पुरणार नाही. माणशी अर्धा किलो धरला तर कचरा १०० किलोने वाढतो. त्यातला साधारण ६० किलो ओला, तेव्हा कंपोस्ट यंत्राची क्षमता आणि जागाही बदलते. एसटीपीची जागा नंतर शोधायला गेले की पार्किंग कापावे लागते, आणि पार्किंग कापले की नकाशा पुन्हा बदलतो.

मजले वाढल्याने गच्चीवरचे पावसाचे पाणी वाढत नाही, हे खरे. पण पोडियम पुढे सरकवला तर मोकळी माती झाकली जाते. ४०० चौरस मीटर माती झाकली आणि ताशी ५० मिलिमीटर पाऊस धरला, तर तिथून वाहणारे पाणी तासाला सुमारे ६ घनमीटरवरून १८ घनमीटर होते. हिंदमाता किंवा मिलन सबवे या पाणी तुंबणाऱ्या ठिकाणांच्या आसपास राहणाऱ्यांना या १२ घनमीटरचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हे पाणी भूखंडातच अडवणारी टाकी सुधारित आराखड्यात दाखवावी, असा आमचा आग्रह असतो. जमिनीवरची बाग पोडियमवर हलवायची असेल तर आधी आम्हाला विचारा, आक्षेप हमखास येतो.

उंची ७० मीटरच्या वर जात असेल तर महापालिकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या धूळनियंत्रण सूचनांनुसार पत्र्याचे कुंपण ३५ फुटी लागते. एक एकरापेक्षा लहान भूखंडावरच्या कमी उंचीच्या कामाला २५ फुटी चालते. तळघर खोल गेले तर राडारोड्याचे घनमीटर, डंपरच्या फेऱ्या आणि उपशाचे पाणी नव्याने मोजावे लागते.

येताना मूळ मंजुरीपत्र, दोन्ही वेळचे मंजूर नकाशे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि आजवर प्रत्यक्ष झालेल्या कामाचा मजलेनिहाय तक्ता आणा. १ जून आणि १ डिसेंबरचे सहामाही अनुपालन अहवालही लागतात. ते राहिले असतील तर पहिल्याच भेटीत सांगा, कारण विस्ताराच्या अर्जासोबत जुन्या अटी पाळल्याचा प्रमाणित अहवाल मागतात आणि त्यासाठीच्या पाहणीत वेळ जातो.

नकाशे महापालिकेत जाण्याआधी एरिया स्टेटमेंट दाखवलेत तर तेवढी तपासणी आम्ही विनाशुल्क करतो. अर्ज दाखल झाल्यावर क्षेत्र पुन्हा बदलले तर आकडेमोड नव्याने करावी लागते आणि त्याचे शुल्क वेगळे असते.