बुका (इस्लामी उपासनेतील रुदन)

बुका : ईश्वराच्या भयाने, ओढीने किंवा पश्चात्तापाने उपासकाचे डोळे भरून येणे. अरबी शब्द, साधा अर्थ ‘रडणे’. कुराण ऐकताच रडत जमिनीवर हनुवटी टेकणारे, आणि त्याने आणखीच नम्र होणारे लोक अल्-इस्रा या सूरेत म्हणजे अध्यायात (17.109) वर्णिले आहेत, मर्यम सूरेत (19.58) पूर्वीचे प्रेषित रडत सजद्यात (जमिनीवर माथा टेकून केलेल्या नमनात) जातात. तथापि अश्रू हा खरेपणाचा पुरावा नव्हे : यूसुफला विहिरीत टाकून त्याचे भाऊ संध्याकाळी बापापुढे रडतच येतात (12.16).

‘बक्काऊन’ (फार रडणारे) या संज्ञेचा उगम वादग्रस्त आहे. परंपरेनुसार प्रेषित मुहंमद यांच्या तबूकच्या मोहिमेत (630) वाहनाअभावी मागे राहावे लागले म्हणून डोळ्यांत पाणी घेऊन परतलेल्या गरीब अनुयायांना (9.92) हे नाव पडले. ते सात होते असे सामान्यतः सांगतात. नावांच्या याद्या मात्र जुळत नाहीत. पुढे, साधारणपणे आठव्या शतकापासून, इराकमधील बसऱ्याच्या विरक्तांना ते लावलेले आढळते. हसन अल्-बसरी (642–728) हे त्यांतील अग्रणी. बक्काऊन हा बांधीव पंथ असावा, असे काही जुन्या लेखनावरून वाटते; ती एक वृत्ती होती असे म्हणणे अधिक सुरक्षित. सिरियाक (अरामी बोलीतील) ख्रिस्ती मठांत संन्याशाला ‘अबीला’ म्हणजे शोक करणारा म्हणत व अश्रूंना साधनेत मोठे स्थान होते. निनेव्हेचा इसहाक हा तेथील लेखक सातव्या शतकातलाच. यावरून काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी ही प्रथा मठांतून आल्याचे मांडले. फ्रेंच इस्लाम-अभ्यासक लुई मासिन्याँ यांनी मात्र सूफी साधनेचे मूळ कुराणाच्या सततच्या पठण-चिंतनात शोधले. शेजार होता हे खरे, आणि सत्य ओळखून रडणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा गौरव कुराणातच आहे (5.83), तरी वर दिलेली वचने पाहता मासिन्याँ यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

हदीसमध्ये (प्रेषित मुहंमद यांच्या वचनांच्या परंपरेत) एकांतात ईश्वर आठवून ज्याचे डोळे वाहतात त्याला कयामतीच्या दिवशी ईश्वराची सावली लाभेल असे म्हटले आहे. ‘एकांतात’ हा शब्द येथे महत्त्वाचा. दिखाव्याचे (रिया) भय त्यामागे आहे. त्याच वेळी ‘रडू येत नसेल तर रडण्याचा प्रयत्न करा’ (तबाकी) असेही वचन इब्न माजा यांच्या हदीस-संग्रहात आहे. धर्मचिंतक अल्-गझाली (1058–1111) यांनी त्यावर लिहिताना, रडू न आल्यास त्या कोरडेपणासाठीच रडावे, असे सुचवले आहे.

नमाजमध्ये प्रेषित मुहंमद यांच्या छातीतून उकळत्या हंड्यासारखा आवाज येई, असे एक कथन आहे. हनफी या सुन्नी विधिपंथाच्या मतानुसार स्वर्ग-नरकाच्या स्मरणाने हुंदका फुटल्यास नमाज मोडत नाही. शारीरिक वेदनेने किंवा ऐहिक दुःखाने मोठ्याने रडल्यास मोडते. मृतासाठीचा आक्रोश (नियाहा) निषिद्ध, परंतु मूक अश्रू नाहीत : मुलगा इब्राहिम गेला तेव्हा स्वतः प्रेषित रडले होते. शिया परंपरेत करबला (680) येथे मारले गेलेले प्रेषितांचे नातू हुसैन यांच्यासाठीचे रुदन हीच उपासना ठरते (पहा : मोहरम).