६३ आणि १२५ हर्ट्झ : समुद्रातल्या गोंगाटाच्या मोजणीची पार्श्वभूमी

पाण्याखाली कान लावले गेले ते पाणबुड्यांसाठी. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने समुद्रतळावर हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या, रांगा टाकल्या. त्यांत २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, आसपास एकसारखे ठोके ऐकू येत. ते फिन व्हेलचे आहेत हे कळायला पुढचं दशक उजाडलं. १९९१ पर्यंत गुपित असलेलं हे जाळं संशोधकांना खुलं झालं आणि एका निळ्या देवमाशाचा निव्वळ आवाजावरून ४३ दिवस माग काढता आला.

जुन्या नोंदी आणखी एका कामी आल्या. कॅलिफोर्नियाजवळ १९६० च्या दशकात जिथे मोजणी झाली होती, तिथेच चाळीस वर्षांनी पुन्हा मोजलं, तर खालच्या पट्टीतला, म्हणजे कमी हर्ट्झचा, गोंगाट १० ते १२ डेसिबलने चढलेला. म्हणजे तीव्रता दहापट किंवा त्याहून जास्त. संशय अर्थातच व्यापारी जहाजांच्या प्रोपेलरवर.

तरीही बोलबाला झाला तो सोनारचाच, म्हणजे ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्रणेचा. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर १७ देवमासे-डॉल्फिन किनाऱ्याला लागले, २००४ मध्ये स्पेनने कॅनरी बेटांभोवती लष्करी सोनार बंद केलं. किनाऱ्यावर पडलेलं कलेवर फोटोत येतं. जहाजांची घरघर येत नाही. तिचा परिणाम दिसला तो योगायोगानेच. सप्टेंबर २००१ मधल्या हल्ल्यांनंतर कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजांची ये-जा रोडावली, गोंगाट ६ डेसिबलने उतरला आणि राइट व्हेलच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकंही घटली.

युरोपने २००८ च्या सागरी निर्देशात पाण्याखालचा गोंगाट प्रदूषण म्हणून मोजायचं ठरवलं. काय मोजायचं हे २०१० मध्ये ठरलं आणि खरा घोळ तिथे आहे. सततच्या गोंगाटासाठी दोनच पट्टे निवडले गेले : ६३ आणि १२५ हर्ट्झ, प्रत्येकी सप्तकाच्या एक-तृतीयांश रुंदीचे. कारण साधं होतं, जहाजं तिथे सर्वांत ठळक ऐकू येतात. थोडक्यात, निवड गोंगाट करणाऱ्याच्या सोयीने झाली, ऐकणाऱ्याच्या कानाने नव्हे. मोठ्या देवमाशांना हे पट्टे चालून जातात. पण युरोपच्या उथळ समुद्रांत मुख्य रहिवासी पॉरपॉइज, हा डॉल्फिनसारखा छोटा सस्तन प्राणी, आणि त्याचा कान सर्वांत तिखट असतो तो लाखभर हर्ट्झच्या आसपास. शिवाय उथळ पाण्यात खालच्या पट्टीचा आवाज दूर जातच नाही.

यंत्राचीही कुरकुर आहे. रेकॉर्डर वजन बांधून तळाशी सोडतात. काही महिन्यांनी होडीवरून सांकेतिक आवाज दिला की कडी सुटते आणि तरंड्यासोबत तो वर येतो, मधल्या काळात मासेमारीच्या जाळ्याने ओढून नेला नसेल तर. भरती-ओहोटीच्या ओढीने त्याचा दोर तंबोऱ्याच्या तारेसारखा थरथरतो, आणि हे गुणगुणणं नेमकं खालच्या पट्टीत शिरतं. म्हणजे ६३ हर्ट्झच्या आकड्यात जहाज किती आणि दोर किती, हे आधी निस्तरावं लागतं.

त्यात २०१० च्या निर्णयात शब्द होता ‘वार्षिक सरासरी’. कोणती सरासरी? आवाजाच्या दाबाच्या वर्गांची (दाब गुणिले दाब) घेतली तर जवळून गेलेलं एकच जहाज अख्खा तास वर खेचतं. मध्यक, म्हणजे क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला, घेतला तर तेच जहाज नाहीसं होतं. युरोपच्या तज्ज्ञगटाने पहिली पसंत केली, सोबत शतमकंही (किती टक्के वेळ आवाज कोणत्या पातळीखाली होता ते) नोंदवा म्हणून सांगितलं. बाल्टिकभोवतीच्या देशांनी २०१४ च्या मोजणीत आपणहून २ किलोहर्ट्झचा तिसरा पट्टा जोडला. माझ्या मते तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

जहाजांचा आवाज कमी करण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं २०१४ मध्ये आली, २०२३ मध्ये सुधारली. दोन्ही वेळा ऐच्छिकच. युरोपने मात्र २०२२ मध्ये मर्यादा घातली : सततच्या गोंगाटाने बाधित क्षेत्र २० टक्क्यांच्या वर नको. पण ‘बाधित’ म्हणायचं ते किती डेसिबलपासून, हे ज्या त्या देशाने ठरवायचं आहे.